भिंतीवरचा फोटो

आमच्या समितीच्या खोलीत एक अख्खी भिंत फोटोंनी भरलीय. डाव्या कोपऱ्यात मी आहे. हातात शिलाईच्या ओव्हरलॉक मशीनचं खोकं, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं, आणि शेजारी अध्यक्ष दात काढून हसतायत. मोहल्ल्यातल्या घरांनी गरिबांसाठी धर्माप्रमाणे काढलेल्या जकातीतून ते मशीन मिळालं आणि माझा संसार उभा राहिला, हे मी कधी नाकारलं नाही. पण त्या फोटोपायी माझ्या लेकीला शाळेत पोरी 'खैरात' म्हणून हाक मारायच्या. आता मी स्वतः जकात देते, समितीत बसते. तरी फोटो उतरवा म्हटलं की अध्यक्ष म्हणतात, "आपा, तुम्ही तर आमची शान." डोंबलाची शान.

काल ओव्हन द्यायचा होता. घेणारी माझ्याच गल्लीतली, नवरा वारलेली. शाळेच्या कॅन्टीनने तिला सोमवारपासून पाव सांगितलेत. ओव्हन नसेल तर ते काम दुसरीकडे जाणार.

फोटोवाला आला तशी तिने ओढणी तोंडावर ओढली.

"बेटी, चेहरा दिसू दे," अध्यक्ष म्हणाले. "देणाऱ्यांना कळायला नको, पैसे कुठे गेले?"

"चाचा, माझा मुलगा त्याच शाळेत आहे. फोटो नको."

"नियम म्हणजे नियम. सगळ्यांनी काढलेत."

"मग ओव्हन राहू दे," ती म्हणाली आणि दारात चपला शोधायला लागली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "चाचा, देणारी मीपण आहे. मला हिचं तोंड बघायचं नाही, पाव बघायचेत. जकात हा तिचा हक्क आहे, तुमची मेहरबानी नव्हे."

"आपा, बसा खाली. फोटोशिवाय ओव्हन हलणार नाही."

"बरं, काढा फोटो."

मी उठले, तिला हाताला धरून परत आणलं आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून तिच्यासमोर उभी राहिले. अंगाने मी चांगली भरलेली, त्यामुळे ती माझ्याआड अख्खी मावली. "आपा, जरा सरका ना," फोटोवाला म्हणाला. मी जागची हलले नाही. अध्यक्षांचा चेहरा लाल झाला, पण बाकीचे सभासद हसू दाबत म्हणाले, काढून टाक बाबा, घरी जायचंय. त्याने काढला.

नियम पाळून झाला होता. ओव्हन आम्ही दोघींनी हातगाडीवर चढवला. मग मी परत आत गेले, भिंतीवरचा माझा फोटो खिळ्यासकट उपटला आणि पिशवीत टाकला.

"इथे आजचा लावा," मी अध्यक्षांना म्हटलं. "त्यात माझी पाठ आहे, तीच बघत बसा."