चव्वेचाळीस दात

बैलाच्या तोंडात बोट घालून त्याचं वय सांगणारे आमच्या खैरगावात पुष्कळ होते. सोमाजी बोट न घालता सांगे. बैलाचा ओठ नुसता वर उचलला, की दोन दाती, चार दाती का सगळे दात येऊन जुळलेला, आणि शिंगांना तेल चोपडून विकायला आणणारा किती लबाड, हे सगळं तो एका दमात सांगून मोकळा होई. बैलबाजाराला निघालेला माणूस आधी सोमाजीच्या दारात येई. त्यामुळे त्याच्या जावयाच्या सायकलीचे दात मोडले तेव्हा गावाला अजिबात काळजी वाटली नाही. प्रश्न दातांचाच आहे ना? मग सोमाजी बघून घेईल.

सायकल सोमाजीनंच आंदणात दिली होती. खरं तर लेकीला, मनकर्णाला, गाय द्यायची ठरलं होतं. पण जावई गुणवंतराव मूल या बाजारगावी शाळेत मास्तर. भाड्याच्या एका खोलीत गाय बांधू कुठं, म्हणाले, आणि ते काही चूक नव्हतं. मग सोमाजीनं चांद्याहून एक जुनी विलायती सायकल आणून दिली. आमच्या गावात आंदणाची गाय वर्षाच्या आत दगावली तर मुलीचा बाप दुसरी गाय देतो. सायकलीचा असा काही रिवाज नव्हता, कारण तोवर कुणी सायकल आंदण दिलीच नव्हती. पण गायीच्या जागी आली म्हणजे तिला रिवाजही गायीचाच लागू, असं गावानं ठरवून टाकलं. गावाला काय, ठरवायला पैसे पडत नाहीत.

दिवाळीला मास्तर मनकर्णाला मागे कॅरिअरवर बसवून माहेरी घेऊन आले. गावाच्या अलीकडे एक नाला लागतो. त्यावर पंचवार्षिक योजनेत पूल होणार असं पटवारी सांगत असे. कितव्या योजनेत ते सांगत नसे. त्या नाल्यातल्या दगडावर सायकलीचा चक्का आपटला. चक्का म्हणजे पायडलाजवळचं मोठं दातेरी चाक, ज्याच्यावरून चेन फिरते ते. पाच-सहा दात गेले आणि चक्का परातीसारखा वाकला. मास्तरांनी सायकल ढकलत आणली, भाऊबीजेचं जेवण केलं, आणि धान गिरणीवर नेणाऱ्या बैलगाडीत बसून परत निघाले. निघताना म्हणाले, "मामाजी, सायकल तुमची, नाला तुमच्या गावचा. दुरुस्त झाली का निरोप धाडा. येतो मंग इले घ्याले."

"घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं," सोमाजीची बायको भांडी घासता घासता म्हणाली. धान कापणीला आलं होतं आणि सायकल कोठीच्या दारात आडवी पडली होती.

लेक माहेरी आली की पहिला आठवडा लाडाचा, दुसरा कामाचा, आणि तिसऱ्यापासून शेजारणी विचारायला लागतात. मनकर्णाच्या लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. तिला मूलची ती एक खोली आवडत असे. नवराही आवडत असे. संध्याकाळी तो तिला पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवी आणि ती 'ण' उलटा काढी तेव्हा दोघं हसत. हे ती कुणाला सांगणार? विहिरीवर बाया विचारत, "काऊन वं, जवाई कवा येते घ्याले?" आणि पाठ वळली की, "टाकली तं नाई ना?" आपल्या पायानं सासरी जायची सोय नव्हती. आमच्यात लेकीला घ्यायला यावं लागतं. बापानं नेऊन सोडली तर लोक म्हणतात, जड झाली. तेव्हा मनकर्णाचं परत जाणं आता त्या एका चक्क्यावर अडकलं होतं, आणि चक्का सोमाजीवर.

पहिल्या बाजाराला सोमाजी रिकाम्या हातानं मूलला गेला. मोडका चक्का सोबत घ्या असं बायकोनं सुचवलं, तर म्हणाला, "मेलेला बैल दाखवून कोनी नवा घेते का?" वारलूच्या सायकल दुकानात दोन चक्के टांगलेले होते, एक चव्वेचाळीस दातांचा आणि एक अठ्ठेचाळीसचा. कोणता पाहिजे, वारलूनं विचारलं. सोमाजीला हसूच आलं. जितके जास्त दात तितकं जनावर भरलेलं, हे काय सांगायला पाहिजे? त्यानं अठ्ठेचाळीसचा घेतला. वारलूनं तो कागदात बांधून दिला. गिऱ्हाईक मागेल ते द्यावं आणि गप्प बसावं, हा त्याचा धर्म होता. जावयाची खोली तिथून हाकेच्या अंतरावर, पण सोमाजी तिकडे फिरकला नाही. सायकल दुरुस्त झाल्याशिवाय कोणत्या तोंडानं जायचं?

घरी चक्का बसवला तर चेन पुरेना. दोन टोकं समोरासमोर येत आणि दोन बोटांचं अंतर राही. मागचं चाक पुढे सरकवून पाहिलं, चेनीला खोबरेल तेल पाजून ओढून पाहिली. चेन ती, ती काय चामड्याची वादी आहे लांबायला?

दुसऱ्या खेपेला सोमाजी शहाणा झाला. बैलाच्या छातीचा घेर सुतळीनं मापतात तसा त्यानं मोडक्या चक्क्याचा घेर मापला, सुतळीला गाठ मारली आणि थेट चांदा गाठलं. गोल बाजारात एका भंगारवाल्याकडे नेमका त्या गाठीला गाठ मिळणारा चक्का सापडला. आणि दात कसे! ठोसर, ऐसपैस, एकेक दात दुसऱ्यापासून चांगला लांब. असे दात पाहिले की सोमाजी विरघळत असे. रात्रीच्या गाडीनं मूल, तिथून सकाळी पायी गाव, आणि वाटेत भेटेल त्याला त्यानं चक्का दाखवला.

तो चक्का कुठल्या तरी फार जुन्या चालीच्या सायकलीचा होता. त्याचे जाड दात या चेनीच्या कड्यांत शिरेचनात. चेन दातांच्या वरच बसून राही आणि पायडल मारलं की खाली घसरे. सोमाजीनं कानस घेऊन दात घासायला सुरुवात केली. तिसऱ्या दाताला कानस बोथट झाली आणि तो शिव्या द्यायला लागला. कुणाला ते कळलं नाही.

मनकर्णा बाजूला बसून तांदूळ पाखडत होती. महिना उलटून गेला होता. ती म्हणाली, "बाबा, मोडका चक्का अन् चेन संग घेऊन जा ना एकडाव."

"तुले सायकलीतलं काय समजते?"

"काईच नाई. पन बांगड्या भरतानी कासार आधी हात पायते का नाई?"

तिसऱ्या खेपेला सोमाजीनं मोडका चक्का आणि चेन धोतराच्या फडक्यात बांधून नेली. वारलूनं मोडलेल्यांच्या जागा धरून दात मोजले, चव्वेचाळीस भरले. नव्या चव्वेचाळीसवर चेन गुंडाळून पाहिली, कडीत दात बरोबर बसला. "हेच आधी आनाले पायजे होतं ना जी," वारलू म्हणाला. पहिल्या खेपेला हा का बोलला नाही, असं सोमाजीच्या मनात आलं, पण काम झालं होतं. पहिला चक्का वारलूनं निमूट परत घेतला.

चक्का बसला, सायकल फिरली. सोमाजीचा पुतण्या दसरू, दोन लेकरांचा बाप, गल्लीतून चकरा मारून आला. पण सोमाजी बैल नांगराला जुपून पाहिल्याशिवाय घेणारा माणूस नव्हे. त्यानं कॅरिअरवर धानाचं पोतं बांधलं आणि दसरूला नाल्याच्या चढावर धाडलं. चढावर दसरूनं जोर लावला आणि चेन कडाक करून दातावरून उडाली. मग पुन्हा उडाली. तिसऱ्यांदा दसरू दांडीवर असा आपटला, की चार दिवस त्याला मांडी घालून बसता आलं नाही.

सोमाजी पुन्हा वारलूकडे. वारलूनं चेन दोन हातांत धरून ताणली. "चेन लय वापरलेली हाय, भाऊ. वाढली हाय. चक्का नवा कोरा. जुळत नाई त्याइचं."

या वेळी मात्र सोमाजीला सायकल कळली. इतके दिवस तो दात पाहत होता. जोडी पाहायची त्याला सुचलंच नव्हतं. कामाला लागून झिजलेल्या बैलाबरोबर नवा गोऱ्हा जुपला तर दोघंही बिघडतात, जू तिरकं चालतं, हे त्यानं आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलं होतं. नवी चेन घ्यावी तर मागच्या चाकाची छोटी दातेरी फिरकीही जुनीच, म्हणजे तीही बदला. त्यानं नवा चक्का परत केला आणि वारलूच्या दुकानामागच्या ढिगात बसून दुपार घालवली. चव्वेचाळीस दातांचे जुने चक्के त्यात तीन निघाले. तिन्हींवर त्यानं आपली चेन बसवून ओढून पाहिली. एक चेनीइतकाच झिजलेला होता. दिसायला दरिद्री, पण चेन त्यावर अशी बसली, की जणू दोघं एकाच गोठ्यात वाढलेले. सोमाजीनं तो उचलला. पोतं लादून दसरू नाल्याचा चढ चढून गेला, उतरला, परत चढला. चेन हलली नाही. त्या संध्याकाळी सोमाजी इतका खूश होता, की त्यानं दसरूला विडी दिली आणि मूलला निरोप धाडला.

मास्तर रविवारी एका गाडीत बसून आले. मनकर्णानं सकाळीच न्हाऊन हिरवं लुगडं नेसलं होतं. गाठोडं बांधून दाराशी ठेवलं होतं, त्यात नव्या धानाचे पोहे आणि मास्तरांना आवडतं म्हणून मोहाच्या फुलांचा लाडू. मास्तरांनी आधी सायकल पाहिली. गल्लीतून तीन चकरा मारल्या. चहा घेतला. मग चक्क्यावरून बोट फिरवून म्हणाले, "मामाजी, हा तं जुना दिसते."

"जुनाच पायजे, गुरुजी. चेन जुनी हाय ना." आणि सोमाजीनं जोडीचा सगळा हिशेब समजावून सांगितला.

"तसं असंल. पन दोघायचं ओझं सोसंल का नाई, भरवसा नाई. आज मी सायकल घेऊन जातो. इले पुढच्या हप्त्यात कोनाच्या गाडीत बसवून द्या."

"गुरुजी, धानाचं पोतं चढवलं ना जी नाल्यावरून!"

"पोत्याची गोष्ट अलग," मास्तर म्हणाले आणि टांग टाकून निघाले.

गुणवंतराव काही वाईट माणूस नव्हता. त्याला खरंच चक्क्याची काळजी होती. पण दारात गाठोडं काखेत घेऊन उभ्या असलेल्या बाईकडे न पाहता चक्क्याकडे पाहणारा माणूस मूर्ख असतो, आणि हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं. मनकर्णाचा चेहरा लाल झाला. तिला रडू आलं नाही, राग आला, आणि तो तिनं गिळला नाही. ती गल्लीत उतरली. बायकोनं नवऱ्याला मागून हाक मारायची आमच्यात पद्धत नाही.

"ओ मास्तर!"

सायकल थांबली. आमच्या गल्लीतल्या कोंबड्यासुद्धा थांबल्या असाव्यात.

"सायकल तुम्हाले पावली. आता मले घ्याले याल तं पायी या. सायकलीवर आले तं मी येत नाई. गाडी धाडाल तं रिकामी जाईल."

मास्तरांनी पुन्हा पायडल मारलं आणि ते निघून गेले.

घरात सोमाजी भडकला. "जवायासंग असं बोलते का कोनी? मी मरमर करून चक्का आनला!"

"तुमी दीड महिना चक्का पायला, बाबा," मनकर्णा म्हणाली, "मी दीड महिना वाट पायली. मले वाटे, चक्का झाला का ते येतीन. ते आले. चक्क्यासाठी आले." एवढं म्हणून ती रडली, आणि सोमाजीला बसायला जागा सापडेना.

पुढच्या हप्त्यात मूलहून गाडी आली. मनकर्णानं बैलांना पाणी पाजलं, पेंढी टाकली, गाडीवानाला जेवू घातलं आणि गाडी रिकामी परत धाडली. मग मात्र विहिरीवर कुणी कुजबुजलं नाही. उघडच बोलायला लागले. गर्विष्ठ झाली, म्हणाले. चार अक्षरं शिकवली त्याचं फळ, म्हणाले. कुणी म्हणालं, बरं केलं, पण ते हळू म्हणालं. मनकर्णा खळ्यावर राबत राहिली. संक्रांत चार दिवसांवर आली तेव्हा तिनंही मनातून आशा सोडली होती.

संक्रांतीच्या सुट्टीत, दुपारी, मास्तर आले. काळी टोपी, कोट, धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेलं, आणि नाला ओलांडताना काढलेले बूट हातात. मुलाबाळांचा घोळका मागे. मनकर्णानं पाहिलं आणि आत जाऊन पाय धुवायला पाणी आणलं. टाचेला मोठा फोड आला होता.

"चालत आलो," मास्तर म्हणाले.

"दिसते ना."

"पाच कोस हाय. मले माहीत नव्हतं इतकं लांब असंल."

"मले होतं," ती म्हणाली आणि टाचेवर हळद-तेल लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले. मनकर्णा गाठोडं उचलायला वाकली तर मास्तरांनी ते आधीच उचललं, टोपी खिशात कोंबली आणि गाठोडं डोक्यावर घेतलं. सासुरवाडीहून जावई डोक्यावर ओझं घेऊन निघालेला खैरगावानं कधी पाहिला नव्हता. सोमाजी धावत गेला, "अहो गुरुजी, लोक काय म्हनतीन, मी घेतो नाल्यापर्यंत!"

"राहू द्या, बाबा," मनकर्णा म्हणाली. "घेऊ द्या त्याइले."

सगळी गल्ली दारात आली होती. मास्तरांनी मान खाली घातली नाही, आणि गाठोडं डोक्यावर असल्यामुळे ती घालताही आली नसती. ते नाल्याकडे गेले तेव्हा मनकर्णा पुढे चालत होती.