सिनेमा घरी येईपर्यंत

धीर धरणाऱ्याकडे सिनेमाही स्वतःच्या पायांनी चालत येतो, हे आप्पांचं तत्त्व होतं. खरं तर थिएटरच्या जिन्याचा कंटाळा होता. एक गाजलेला रहस्यपट टीव्हीवर यायला महिने लागले. मधे कुणी खुनी सांगून टाकेल, म्हणून आप्पा केस कापायला न्हाव्याकडेही गेले नाहीत. आज अखेर सगळं घर सोफ्यावर बसलं. पडद्यावर माळी झाडांना पाणी घालू लागताच आई करवादली, "हाच तो मेला! मालकिणीलाच मारतो शेवटी!"

आप्पा ताडकन उठले. "आई, तुला कसं कळलं?"

बायको पुटपुटली, "अहो, थिएटरात लागला तेव्हाच आम्ही बघून आलो."

"तेव्हा तर मेव्हणीचा पाय मोडला म्हणून तुम्ही तिला बघायला गेला होता! मी तिच्यासाठी कुबडीही दिली होती!"

"ती आईंना जिना चढायला उपयोगी पडली."