लास्मीच्या वाट्याचे कोष
अळ्यांनी सागाच्या पानांची जाळी केली की आठवड्याभरात झाडाखाली त्यांचे कोष सापडतात. आमच्याकडे ते लसूण-मीठ लावून तळून खातात. जकार्ताहून माझी लेक लास्मी फोनवर म्हणाली, “शनिवारी येते. माझे तळू नकोस, आल्यावर गरम खाईन.”

मी तिच्या वाट्याचे टोपलीत जिवंत ठेवले. शनिवार गेला, सोमवारही गेला. शेजारीण पोनियेम म्हणाली, “तळून टाक गं. ते काय तुझ्यासारखे वाट बघत बसणारेत?”

“तू तुझ्या कढईत बघ,” मी म्हटलं.

गुरुवारी झाकण काढलं, तर पतंग उडून सागाकडे गेले. टोपलीत नुसती टरफलं उरली. तेवढ्यात लास्मीचा फोन आला. “आई, सुट्टी पुढच्या आठवड्यात मिळतेय. ठेवलेस ना माझे?”

“ठेवलेत,” मी म्हटलं, आणि टोपलीवर परत झाकण घातलं.