फाटकावरचं पांढरं फडकं

गावी परतायचं शनिवारच्या बसचं तिकीट बसिलियाने पोलक्यात खोचून ठेवलं होतं, आणि ते मागायची हिंमत तिच्या लेकाला, विल्बरला, नव्हती. त्याने आईबापाला बोलिव्हियातून मोठ्या हौसेने ब्युनोस आयर्सला आणलं, खोली दिली, मऊ गादी दिली. म्हातारा कासियानो त्या गादीवर असा रुळला, जणू तिथेच जन्मला. बसिलियाचं तसं नव्हतं. क्लीसा गावात लग्नाचा स्वयंपाक तिला विचारल्याशिवाय चुलीवर चढत नसे. इथे सून मारिसोल भांड्याला हात लावू देईना. "आई, तुम्ही बसा." बसून बसून माणूस वाळतं, हे त्या पोरीला कोण सांगणार?

"मी चालले गावी," ती नवऱ्याला म्हणायची. "तुम्ही राहा माझ्या सवतीपाशी, त्या गादीपाशी."

"गादी भांडत नाही," कासियानो कूस बदलून म्हणायचा.

गुरुवारी मारिसोलने टेबलावरचं पांढरं फडकं धुतलं. दोरीवर जागा नव्हती, म्हणून फाटकाला झाडूची काठी बांधली आणि तिच्यावर वाळत टाकलं. पोर ब्युनोस आयर्समध्येच वाढलेली, तिला काय ठाऊक.

दुपारी फाटक वाजलं. बाहेर एक जाडजूड बाई, हातात रिकामी बरणी. तिच्या मागे शिवणाच्या कारखान्यातून सुटलेले दोन गडी.

"मावशी, एवढी भरून द्या. मुरलीय ना चांगली?"

"काय मुरलंय?"

"चिचा. निशाण लावलंय की तुम्ही."

बसिलियाने वर काठीवरच्या फडक्याकडे पाहिलं. चिचा, म्हणजे मक्याची दारू, आंबून प्यायला तयार झाली की घरावर पांढरं निशाण चढवायचं, हे तिच्या खोऱ्यात शेंबडं पोरही जाणतं. आणि इथली अख्खी आळी त्याच खोऱ्यातून आलेली.

"कुठल्या तुम्ही?" बाईने विचारलं.

"क्लीसाची."

"असं होय. मी तोमासा, तुमच्या शेजारच्या पुनाताची. आमच्याकडे मडकं भरल्याशिवाय निशाण लावत नाहीत. क्लीसाची रीत वेगळी असेल."

बसिलियाची कानशिलं तापली. मारिसोल धावत आली. "आई, चुकलं माझं. काढते मी."

"हात लावू नकोस." बसिलियाने स्वतः फडकं उतरवलं आणि त्याची नीट घडी घातली. "हा रविवार सोडून पुढच्या रविवारी या, तोमासाबाई. तेव्हा मीच चढवीन हे. क्लीसाची चिचा घाईत होत नाही, घाईची चव पुनातात मिळते. आणि तुमच्याकडे मोठं मडकं असलं तर आणून टाका. तेवढा तरी हात लागू दे तुमचा."

तोमासा हसली. संध्याकाळी मडकं घेऊन आलीच, वर फुकटचे सल्लेही. विल्बरने लिनियेर्सच्या बाजारातून मोड आणून दळलेला मका आणला. मारिसोलने बाह्या सारल्या आणि चुलीपाशी उभी राहून विचारलं, "आई, आता काय करू?"

किती दिवसांनी कोणी तिला काही विचारलं होतं. "ढवळ," बसिलिया म्हणाली. "आणि थांबलीस तर बघ."

शनिवारी कासियानो दारात आला. "बस सुटली असेल गं."

"सुटू दे. मडक्याकडे कोण बघणार, तुम्ही? झोपेत?"

ठरल्या रविवारी फडकं पुन्हा काठीवर चढलं. तोमासाने भोपळ्याच्या वाटीतला पहिला घोट धरणीमातेला ओतला, मग स्वतः प्यायली. सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"गोडीला जरा जास्त आहे," ती म्हणाली, आणि वाटी परत पुढे केली.

"आई, तुम्ही बसा, मी देते," मारिसोल म्हणाली.

बसिलिया बसली. मडक्याला खेटून, डाव हातात धरूनच. "वाटी धर, काठोकाठ भरते," ती सुनेला म्हणाली. "पुनातावालीला घरी जाऊन क्लीसाची चव सांगता आली पाहिजे. आणि रात्री नवा मका भिजत घाल."