भिंतीवरचा पासवर्ड

पासवर्ड बरोबर होता. लिस्त्यानीनं तो सातव्यांदा टाकला, एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत टाकला, आणि शाळेच्या लॅपटॉपनं सातव्यांदा तेच सांगितलं, या नेटवर्कला जोडता येत नाही. का येत नाही ते सांगायची त्याची तयारी नव्हती. गोल गोल फिरायचं, जरा आशा लावायची आणि मग हात वर करायचे, असा त्याचा अकरा वाजल्यापासूनचा धंदा चालला होता.

आता सव्वाबारा झाले होते. एक वाजता परीक्षा. लिस्त्यानी क्लातेन शहराजवळच्या एका प्राथमिक शाळेत अठरा वर्षं हंगामी शिक्षिका म्हणून राबत होती आणि ही परीक्षा पास झाली तर कायम होणार होती. वय शेहेचाळीस. पुढच्या खेपेला वयाच्या अटीत बसणार नव्हती, म्हणजे जे काय व्हायचं ते आजच. परीक्षा घरूनच द्यायची होती, कॅमेऱ्यासमोर, आणि ठरलेल्या वेळेला हजर नसलं की विषय संपला.

लॅपटॉप काल शाळेतून आणलेला. तिथं दोनदा सराव झाला, सगळं सुरळीत चाललं, म्हणून घरी उघडूनही पाहिला नव्हता. आज रविवार, शाळेला कुलूप, किल्ली हेडमास्तरांच्या खिशात आणि हेडमास्तर सोलो शहरात लग्नाला. फोनवरून नेट देऊन पाहिलं, पण नदीकाठच्या या खोलगट गल्लीत फोनला रेघ मिळायची एकच, तीही मर्जी असेल तेव्हा. कॅमेरा लावला की चित्र तिथंच थिजायचं.

एवढ्यात अर्धी गल्ली घरात येऊन बसली होती. शेजारच्या बाईची आयुष्याची परीक्षा असताना आपण आपल्या घरी पाय पसरून बसायचं, हे या गल्लीत कुणाला सुचलंच नसतं. भज्यांची गाडी लावणारी बू पार्ती चटईवर होती, स्कूटर दुरुस्त करणारा पाक दार्सो होता, ऐंशीच्या घरातली म्बाह सुमी होती, आणखी चार-पाच जणं भिंतीला टेकून होती. बाईला बू, बाप्याला पाक आणि आजीला म्बाह म्हणायची इथली रीत. प्रत्येकाकडे एकेक उपाय होता.

"तारीख बघा आधी," पाक दार्सो म्हणाला. "माझ्या पुतण्याच्या लॅपटॉपमध्ये दोन वर्षांपूर्वीची तारीख होती. नेट म्हणतंय, तू कोण बाबा?"

तारीख बरोबर होती.

"त्याला विसरायला लावायचं," बू पार्ती म्हणाली. "नेटवर्क विसर म्हणायचं, मग परत नव्यानं ओळख करून द्यायची."

"तीनदा विसरवलं, बू. त्याच्या नीट लक्षात आहे, मला आत घ्यायचं नाही ते."

"अगं, मग राउटरच बंद करून चालू कर ना!"

लिस्त्यानीनं उठून राउटरची पिन काढली. तेवढ्यात कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीतून हर्तोयोचा आवाज आला, "अगं, आत्ताच कशाला? अंतिम फेरी चाललीय!"

हर्तोयो म्हणजे लिस्त्यानीचा नवरा आणि या गल्लीचा प्रमुख, एर्ते. त्याला होले पाळायचा नाद. पिंजऱ्यात सहा होले होते आणि उरलेल्या देशातले होले तो फोनवर ऐकायचा. कुठं ना कुठं घुमण्याची स्पर्धा चालूच असायची. बायको घामाघूम होऊन लॅपटॉपशी झटत होती आणि हा बाप्या फोन कानाशी धरून कुठला होला किती लांब घुमतो ते मोजत होता.

"मास, माझी परीक्षा आहे," लिस्त्यानी म्हणाली. नवऱ्याला ती मास म्हणायची.

"हो गं, माहितीय. पण नेटमध्ये काही दोष नाही. माझा फोन बघ, कसा चाललाय. तुझा लॅपटॉपच खराब. शाळेचा माल!" आणि चटईकडे बघून तो साळसूदपणे हसला. चटईनंही हसून दिलं, एर्तेच हसले म्हटल्यावर.

हे नेट हर्तोयोच्या अभिमानाचा विषय होतं. आठ महिन्यांपूर्वी घेतलं आणि स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या संध्याकाळी, गल्लीच्या सभेत, त्यानं उभं राहून जाहीर केलं की माझ्या घरचं नेट ते तुमचं नेट. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी बाहेरच्या भिंतीवर पासवर्डाचा कागद लागला, प्लास्टिकमध्ये घालून. वर काळ्या टोपीतला हर्तोयोचा फोटो, खाली नाव, हुद्दा, आणि मग बारीक अक्षरात पासवर्ड. सगळ्या गल्लीनं तो आपापल्या फोनमध्ये उतरवून घेतला होता.

राउटर पुन्हा चालू झाला. हिरवे दिवे लागले. हर्तोयोचे होले घुमायला लागले. लॅपटॉप गोल फिरला आणि त्यानं हात वर केले.

"माझ्या नातीच्या फोनमध्ये पण असंच येतं गं," म्बाह सुमी सहज बोलून गेली. "पासवर्ड घेतंय, पण आत काही घेत नाही."

बू पार्तीनं म्हातारीला कोपरानं ढोसलं. लिस्त्यानीनं ते पाहिलं.

"कधीपासून, म्बाह?"

"छे छे, जुना फोन आहे तिचा. फोनच तसला."

"बू पार्ती, तुमच्या फोनवर लागतं ना आमचं नेट?"

"आमचं काय," बू पार्ती चटईची काडी सोलत म्हणाली, "लागतं की."

"शेवटचं कधी लागलं होतं?"

"लागेल हो! घाई काय आहे?"

लिस्त्यानीनं पाक दार्सोकडे बघितलं. तो छताकडे बघत होता. भिंतीला टेकलेल्या एकेकाकडे तिनं बघितलं आणि एकेकानं नजर दुसरीकडे नेली. चोरी यांनी केली नव्हती, तरी शरमेनं यांच्याच माना खाली.

मग तिला ताटल्या आठवल्या. गेले आठ महिने दर आठवड्याला कुणीतरी दारात यायचं, केळीच्या पानानं झाकलेली ताटली घेऊन. सोयाबीनचं तेम्पे, फणसाची भाजी, नारळाच्या वड्या. "नेटबद्दल हो, बू. केवढे उपकार तुमचे." एर्तेच्या तोंडावर तुमचं नेट चालत नाही म्हणणं म्हणजे त्याला चारचौघांत उघडं करणं, आणि ते या गल्लीतला माणूस मेला तरी करणार नाही. न मिळालेल्या नेटबद्दल ही माणसं आभार मानत राहिली आणि लिस्त्यानी ते तेम्पे भाताबरोबर खात राहिली.

"मास," ती म्हणाली, "राउटर बसवला त्या पाक सुहुदचा नंबर द्या."

"त्याचा नंबर? गेला की! फोन बदलला ना मी."

फोन त्यानं तीन वर्षांपूर्वी बदलला होता. लिस्त्यानीनं राउटर उचलून उलटा केला. खाली धुळीत पाक सुहुदच्या दुकानाची चिकटपट्टी होती, नंबरासकट. ती स्वयंपाकघरात गेली आणि नंबर लावला.

पाक सुहुद जेवत असावा. तोंडात घास घेऊनच तो म्हणाला, "नाहीच लागणार, बू. त्यात यादी आहे ना."

"कसली यादी?"

"आत कुणाला सोडायचं त्याची. पासवर्ड कितीही बरोबर असू दे, यादीत नाव नसलं की बाहेर. तुमच्या यादीत तीनच आहेत. पाक एर्तेंचा फोन, तुमचा फोन आणि टीव्ही. त्यांनीच सांगितलं तसं. सगळी गल्ली आत आली की होल्यांचं मधेच अडकतं म्हणाले." त्यानं घास गिळला. "तुम्हाला माहीत नव्हतं? मला म्हणाले होते, कुणाला बोलू नका. लोकांना वाईट वाटेल."

"लोकांना वाईट वाटेल?"

"तेच म्हणाले, बू. आता काय करा, फोनवर राउटरचं पान उघडा, मी सांगतो. लॅपटॉपचा बारा आकडी नंबर यादीत घाला, नाहीतर वरची खूण काढून यादीच बंद करा. दोन्हीला मिनिटभर लागतं."

त्यानं सांगितलं तसं तिनं पान उघडलं. यादी समोर आली. तीन ओळी, बस्स. लिस्त्यानी त्या तीन ओळींकडे बघत राहिली आणि तिला शिसारी आली, खरीखुरी. शेजाऱ्यांना फसवलं त्याची होतीच. पण अकरा वाजल्यापासून हा माणूस पाच हातांवर खुर्चीत बसला होता. बायकोची अठरा वर्षं पाण्यात चाललेली बघत होता, सगळं ठाऊक असून. एक वाक्य बोलला असता तर काम झालं असतं. ते वाक्य शेजाऱ्यांच्या देखत बोलायचं नाही म्हणून त्यानं होले ऐकले.

मागं पावलं वाजली. हर्तोयो दारात येऊन उभा होता. लवंगेच्या सिगारेटचा वास त्याच्या आधी आत आला.

"लिस," तो कुजबुजला, "फक्त तुझाच घाल. बाकीचं तसंच राहू दे. ही माणसं गेली की मी बघतो काय ते."

"तुम्हाला माहीत होतं."

"हळू बोल ना."

"सकाळपासून माहीत होतं."

"अगं, सगळ्यांसमोर कसं सांगणार? एर्ते आहे मी!"

"माझ्या कानात सांगायचं होतं."

"तुझ्या चेहऱ्यावर लगेच दिसतं सगळं. त्यांना कळलं असतं." हे त्यानं अशा समजूतदार स्वरात सांगितलं की जणू चूक तिच्या चेहऱ्याचीच. "आणि लागलंच असतं गं कसंतरी. तू हुशार आहेस."

लिस्त्यानीनं त्याच्याकडे बघितलं. चोवीस वर्षं या माणसाच्या शर्टाच्या कॉलरी तिनं घासल्या होत्या. आता त्याच्या अंगाला आपली ओढणी लागू नये असं तिला वाटलं. ती अंग चोरून त्याच्या बाजूनं बाहेर आली आणि चटईवर, सगळ्यांच्या मधोमध बसली. बारा वाजून एक्केचाळीस मिनिटं झाली होती.

"सापडलं का गं?" म्बाह सुमीनं विचारलं.

"सापडलं, म्बाह."

तिनं वरची खूण काढली आणि बदल जतन केला.

आधी बू पार्तीच्या कमरेच्या पिशवीतला फोन वाजला. मग पाक दार्सोच्या खिशातला. मग भिंतीपाशी एक, त्याच्या शेजारी दुसरा, आणि म्बाह सुमीच्या मांडीवरच्या नातीच्या फोनला तर निरोपांची अशी उबळ आली की तो थांबेच ना. सगळी खोली टिंगटिंग वाजत होती. लॅपटॉपनं एकदाच गोल फिरून गुमान रस्ता दिला. खुर्चीमागं येऊन उभ्या हर्तोयोच्या फोनवरचे होले मात्र मधेच अडकले.

आता सगळ्यांना सगळं कळलं होतं. इतकं उघड झाल्यावर न कळायला कुणी दूधपितं नव्हतं. मग म्हातारीनं डोळे मिटून घेतले.

"अल्हम्दुलिल्लाह," ती म्हणाली. "बिघाड निघाला."

"तारेतच काहीतरी असणार," पाक दार्सो घाईघाईनं म्हणाला. "पावसापाण्यात होतं असं."

"होतं, होतं," भिंत म्हणाली.

बू पार्ती उठली, ओढणी नीट केली आणि हर्तोयोपुढं वाकली. "उपकार आहेत, पाक एर्ते. इतके महिने आम्ही तुमचं नेट वापरतोय." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

आणि हर्तोयोनं ते घेतलं! छातीवर हात ठेवून, मान तुकवून घेतलं. "त्यात काय एवढं? शेजाऱ्यांसाठीच तर आहे."

लिस्त्यानीनं ओढणी तोंडाशी धरली आणि ती खाली बघत राहिली. लोकांना वाटलं, परीक्षेचं दडपण.

"चला चला, बाहेर बसू," पाक दार्सो सगळ्यांना उठवत म्हणाला. "पोरांना ओट्याकडं फिरकू द्यायचं नाही. बू लिसला शांतता पाहिजे." सगळे एका रांगेत बाहेर गेले आणि ओट्यावर दाटीवाटीनं बसले. हर्तोयो खुर्चीत परत बसला. फोन झटकून, वर धरून, खाली धरून त्याचं होल्यांना शोधणं चाललं होतं.

एकाला पाच मिनिटं कमी असताना पडद्यावर पर्यवेक्षक बाई आल्या, चष्मा लावलेल्या, थकलेल्या आवाजाच्या. नाव विचारलं, ओळखपत्र बघितलं. मग म्हणाल्या, "बू, लॅपटॉप फिरवून खोली दाखवा."

लिस्त्यानीनं लॅपटॉप उचलून हळूहळू फिरवला. कपाट, दार, खिडकी, खुर्ची. कॅमेरा आपल्यावर आलाय हे कळताच हर्तोयोनं केसांवरून हात फिरवला आणि तो सावरून बसला.

"हे कोण?" बाईंनी विचारलं.

"मी इथला एर्ते," हर्तोयो म्हणाला.

"खोलीत दुसरं कुणी चालणार नाही, पाक."

"मी आतल्या खोलीत बसतो ना. आवाज नाही करणार."

"आत नाही," लिस्त्यानी म्हणाली. "बाहेर जा."

हर्तोयोनं दाराकडे बघितलं. दारापलीकडून ओट्यावरची कुजबुज ऐकू येत होती. त्याचा चेहरा प्रथमच उतरला. "लिस," तो अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "बाहेर ते सगळे आहेत."

"हो. उठा."

"निदान मागच्या दारानं..."

"वेळ होतोय, बू," पर्यवेक्षक बाई म्हणाल्या.

लिस्त्यानीनं पुढचं दार उघडलं आणि कडी धरून उभी राहिली. हर्तोयो उठला. फोन खिशात घातला, काढला, परत घातला. तो उंबऱ्यावर आला तशी ओट्यावरची कुजबुज थांबली. सगळी गल्ली त्याच्याकडे बघून अत्यंत अदबीनं हसली.

"या, या, पाक एर्ते," बू पार्ती म्हणाली आणि सरकून जागा करायला लागली. "कडेला नका. इथं बसा, मध्ये."

लिस्त्यानीनं दार लावलं, कडी घातली आणि येऊन कॅमेऱ्यासमोर बसली.

"आता कुणी नाही," ती म्हणाली.