घंटीवाल्याची गाडी

आंजनटोल्याच्या बंद स्टेशनात भूत आहे, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. भूतबीत काही नाही, हे एकट्या रुख्माला ठाऊक होतं, कारण ते तिनंच तिथं बसवलं होतं.

छोटी लाईन होती तेव्हा गाडी यायच्या आधी घंटीवाला तिकीटघरात टांगलेला रुळाचा तुकडा बडवायचा. मग मोठी लाईन आली, ती कोसभर लांबून गेली. जुने रूळ उचलून नेले आणि मागं उरली एक खोली न् सिमेंटचा फलाट. मोहफुलं वाळवायला असली जागा शोधून सापडायची नाही. वाटेकरी नकोत म्हणून रुख्मानं गावात गोष्ट सोडून दिली: मेलेला घंटीवाला अजून घंटा देतो, आणि ती ऐकून जो जातो त्याला गाडीत बसवून नेतो. लोकांनी तिखटमीठ लावलं. दहा वर्षं फलाट तिचा एकटीचा राहिला.

चैत्रातल्या त्या सकाळी ती फुलं पसरत होती, तर मागून फुसफुस आली. वळून पाहते तो अस्वल! फुलांत तोंड खुपसून खात होतं. रुख्मा कशीबशी तिकीटघरात शिरली आणि दार लोटून पाठ लावून उभी राहिली. दाराची कडी कुणीतरी कधीच उपटून नेलेली. आत मोहाची पोती होती, त्यांचा वास त्या मेल्याला लागणारच. लागलाही. नखं दारावर खरखरली, फळी तिच्या पाठीत रुतली. हाताशी दगड होता आणि वर तो रूळ. तिनं बडवायला सुरुवात केली.

आणि मग तिच्या ध्यानात आलं. गावात आता एकेक दार बंद होत असेल! ही घंटा ऐकून येणार कोण? तरी ती बडवत राहिली, दुसरं करणार काय?

खरखर थांबली. रुख्मानं तिकिटाच्या खिडकीतून पाहिलं. जुन्या लाईनीच्या बांधावरून तिची सून येत होती, रंजिता. दिवेलागणीनंतर अंगणात एकटी न जाणारी पोर. हातात चुलीतलं जळतं लाकूड, डोळे भीतीनं अर्धे मिटलेले. अस्वल तिच्याकडे वळलं आणि मागच्या पायांवर उभं राहिलं.

रुख्माला इतकी भीती जन्मात वाटली नव्हती. तिनं दार उघडलं आणि धावत बाहेर आली.

"अस्वल हाय वं! लाकूड समोर धर!"

दोन्हीकडून दोघी जिवाच्या आकांतानं किंचाळल्या. अस्वल गडबडलं, चारी पायांवर आलं आणि पळसाच्या झुडपांत घुसलं.

रंजिता मटकन खाली बसली. रुख्मानं तिला कवटाळलं.

"घंटा आयकून कायले आली वं तू? मरतीस ना!"

"तुमी एकट्याच गाडीत बसल्या असत्या ना, माय," रंजिता रडत म्हणाली. "म्हणलं, मी बी सोबत जातो."

रुख्मानं तिचे डोळे पुसले. "गाडी बी नाही न् घंटीवाला बी नाही, बाई. म्याच..."

पण रंजिताचं लक्ष नव्हतं. ती उठली होती आणि सासूचा हात धरून तिला फलाटावरून ओढत होती.

"चला ना माय लवकर. गाडी यायच्या आधी."