पास झालेला माल

लताबाईंनी मोटरचं हाउसिंग टाकीतून वर काढलं, पाणी निथळू दिलं आणि उजवीकडच्या ट्रॉलीत ठेवलं.

"हा पण चांगला."

तो शंभरावा पीस होता. क्वालिटी विभागाच्या निकिताने कागदावर खूण केली. सिन्नरच्या या कारखान्यात इलेक्ट्रिक गाड्यांसाठी ॲल्युमिनियमची हाउसिंग, म्हणजे मोटरची बाहेरची कवचं, ओतली जात. त्यांच्या जाड भिंतीतून मोटर थंड ठेवणारं पाणी फिरे. भिंतीत बारीकसं छिद्र राहिलं तरी ते पाणी मोटरमध्ये उतरे. सहा वर्षं लताबाई प्रत्येक हाउसिंगमध्ये हवा भरून ते टाकीत बुडवत आणि बुडबुडा येतो का ते पाहत. आता त्याच कामासाठी हेलियमचं मशीन आलं होतं. हेच शंभर पीस मशीनने काल तपासले होते. टाकी बंद झाली की टाकीवरच्या कंत्राटी बायका कमी होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

निकिताने दोन्ही कागद शेजारी धरले. मशीनने सात गळके काढले होते, लताबाईंनी त्यांतले पाच. तिने लताबाईंचा कागद दुमडून खिशात टाकला.

"किती आले, मॅडम?"

"सारखेच."

लताबाई ॲप्रनला हात पुसत राहिल्या.

"मग कागद खिशात कशाला?"

निकिताने तो काढून मशीनच्या कागदासोबत दिला. लताबाईंनी दोन्हींवरच्या पीसच्या नंबरांवरून बोट फिरवलं. मग ट्रॉलीतून ते दोन पीस शोधून त्यांनी पहिला पुन्हा बुडवला, नंतर दुसरा. दोन्ही वेळा चेहरा पाण्याजवळ नेऊन त्या बराच वेळ वाकून राहिल्या. पाणी हललं नाही.

"मागचा लॉट गेला का?"

"पॅक झालाय. चारशे पीस. चारला गाडी येईल."

"तो पण मशीनवर घ्या."

"लताबाई, लॉट थांबवला तर कारण लिहावं लागतं. तुमचं नाव येईल. आत्ता या दिवसांत..."

"चारशेच्या चारशेवर माझाच शिक्का हाय. नाव दुसऱ्या कुणाचं येनार?"

 निकिताने डिस्पॅचला फोन लावला आणि गाडी आज भरायची नाही म्हणून सांगितलं. पलीकडून कारण विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "लिहून पाठवते."

खोक्यांच्या पट्ट्या लताबाईंनीच कापल्या. एकेक पीस त्या मशीनमध्ये ठेवत होत्या, निकिता बटण दाबत होती. अठरा हिरवे निघाले. एकोणिसाव्याला लाल दिवा लागला.

लताबाईंनी तो पीस खिडकीच्या उजेडात नेला. फिरवून फिरवून पाहिला, चहूबाजूंनी अंगठा घासून पाहिला.

"दिसत नाय कुठं."

निकिताने तो हातात घेतला, डोळ्यांजवळ धरला आणि परत दिला.

"मलाही दिसत नाही."

लताबाईंनी शिक्क्याच्या बाजूला लाल खडूने फुली मारली आणि पुढचा पीस उचलला.